वाचकांचे प्रश्न: ड्रोनच्या मोटरी गरम का होतात?

गेल्या अंकात किटमधून पाच इंची रेसिंग ड्रोन कसा जोडायचा ते लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत बहुतेकांनी विचारलंय, की ड्रोन आणखी पळवायचा तर आता कोणता नवा भाग घेऊ? माझं म्हणणं आधीच सांगते. हातातला ड्रोन स्वच्छ जोडलेला नसेल, तर महाग भागाने तो पळत नाही, फक्त महाग होतो. सोल्डरचा टाका पक्का, स्क्रू घट्ट, प्रॉप म्हणजे पंखे सरळ आणि वीज स्थिर, एवढं झालं की किटमधल्या साध्या मोटरीही पुष्कळ पळतात. भोसरीच्या कारखान्यात मी बरीच वर्षं मोजमापाची उपकरणं दुरुस्त केली. तिथली सवय अशी, की एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बदलण्याआधी मोजायचं. तीच इथे कामाला येते.

प्रश्न: ताई, मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. दिवाळीच्या सुट्टीत किट जोडलं. मोटरी 2306 मापाच्या, 2450 केव्हीच्या. 4एस, म्हणजे चार सेलच्या बॅटरीवर झकास उडत होता. मग मित्राकडची सहा सेलची 6एस लावली आणि नेटवर मिळालेले एका नावाजलेल्या पायलटचे पीआयडीचे, म्हणजे ड्रोन स्थिर ठेवणाऱ्या सेटिंगचे, आकडे टाकले. आता थ्रॉटल दिला की घरघर करतो, वळणातून निघताना थरथरतो आणि उतरवल्यावर मोटरला बोट लावलं तर चटका बसतो. 6एसला चालतील अशा भारी मोटरी घेऊ का?
— एक विद्यार्थी, वडगाव बुद्रुक

उत्तर: आत्ता काहीही विकत घेऊ नकोस. आधी ती 6एस बॅटरी मित्राला परत दे आणि कागद-पेन्सिल घे.

एका व्होल्टला मोटर भाराशिवाय मिनिटाला किती फेरे घेते, तो आकडा म्हणजे केव्ही. पूर्ण भरलेली 4एस बॅटरी 16.8 व्होल्ट देते. 2450 गुणिले 16.8, म्हणजे 41,160 फेरे. पूर्ण भरलेली 6एस 25.2 व्होल्ट देते, म्हणजे 61,740 फेरे. या वेगाला पाच इंची प्रॉपचं टोक सेकंदाला 400 मीटरच्या पुढे गेलं असतं, आणि आवाजाचा वेग आहे साधारण 340 मीटर. प्रत्यक्षात प्रॉप लावल्यावर हवा अडवते, त्यामुळे मोटर तिथवर पोचत नाही. पण पोचायची धडपड करते, आणि त्या धडपडीचा सगळा करंट तिच्या वेढ्यांतून आणि ईएससीतून, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटातून जातो. प्रॉपला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या पटीत वाढते. फेरे दीडपट करायचे तर शक्ती सव्वातीनपटीहून जास्त लागते. तुझा चटका मुख्यतः तिथून आलाय. 6एससाठी पाच इंचीला 1700 ते 1950 केव्हीच्या मोटरी वापरतात, त्याचं कारण हेच. 1750 ला 25.2 ने गुणून बघ, 44,100 येतात. म्हणजे तुझ्या 4एसच्या जवळपासच.

ड्रोनच्या कंट्रोलरवर चालणाऱ्या बेटाफ्लाइट या सॉफ्टवेअरमध्ये मोटर आउटपुट लिमिट नावाची सोय आहे. ती 66 टक्क्यांवर ठेवली तर तुझ्या मोटरीही 6एसवर चालवता येतील. पण त्याआधी दोन ठिकाणी छापलेलं वाच. एक, ईएससी किती सेलपर्यंत चालतो ते. दुसरं, बॅटरीच्या वायरींना जोडलेल्या कपॅसिटरवर किती व्होल्ट लिहिलंय ते. किटमधल्या कपॅसिटरवर 25 व्होल्ट छापलं असेल, तर पूर्ण भरलेल्या 6एसला तो जोडताक्षणीच मर्यादेबाहेर जातो. शिवाय थ्रॉटल झटकन सोडला की फिरत्या मोटरी उलटी वीज ढकलतात आणि व्होल्टेज क्षणभर आणखी उसळतं. 6एसला 35 व्होल्टचा, लो-ईएसआर म्हणजे आतला विरोध कमी असलेला कपॅसिटर हवा. ज्याचं डोकं थोडंही फुगलं असेल, तो 4एसवरसुद्धा ठेवू नकोस.

आता घरघर. ती तुझ्या उसन्या आकड्यांची. पीआयडीतला पी ड्रोनला वळण्याच्या हव्या त्या वेगाकडे ढकलतो. वाऱ्याने आपटणाऱ्या दाराला शेवटच्या क्षणी आपण हात लावतो, ते काम डीचं. जायरोचं, म्हणजे वळण मोजणाऱ्या सेन्सरचं, माप किती झपाट्याने बदलतंय हे डी बघतो आणि त्या प्रमाणात ब्रेक लावतो. गडबड अशी, की ड्रोनच्या वळण्यापेक्षा फ्रेमची थरथर कितीतरी झपाट्याने बदलते. डी तिलाच वळण समजतो आणि मोटरींना सेकंदाला शेकडो वेळा 'वाढ, थांब, वाढ, थांब' असं सांगत बसतो. मोटर वेगाने फिरते आहे की नाही याच्याशी त्या करंटचा संबंध नाही, त्याची नुसती उष्णता होते. त्या पायलटची फ्रेम कडक असेल, प्रॉप कोरे असतील, बेअरिंग नवी असतील. त्याचा डी त्याच्या फ्रेमवर गप्प बसतो, तुझ्या फ्रेमवर ओरडतो.

म्हणून पीआयडी मूळ आकड्यांवर परत आण. मग थरथर कुठून येते ते शोध. इथे घाई करू नकोस, कारण खरी सुधारणा इथेच होते.

चारही प्रॉप काढ. एक-एक मोटर बोटाने फिरव आणि कानाजवळ धर. चुंबकांचे हलके टप्पे जाणवतील, ते ठीक. पण कुठे खरखर लागली किंवा मोटरची फिरणारी टोपी, म्हणजे घंटी, वर-खाली हलली, तर बेअरिंग गेलं किंवा खालचा स्क्रू सैल झाला. मग मोटर फ्रेमच्या हाताला, म्हणजे आर्मला, जिथे बसवली आहे ते चार स्क्रू बघ. किटबरोबर कधीकधी वेगवेगळ्या लांबीचे स्क्रू येतात, आणि पातळ आर्ममधून गेलेला लांब स्क्रू मोटरच्या वेढ्यांना टेकतो. टेकला की वार्निश खरवडतं आणि एक दिवस मोटर धूर सोडते. टॉर्च मारून बघ, आणि मल्टिमीटर बीपवर ठेवून एक टोक स्क्रूला, दुसरं मोटरच्या वायरीला लाव. बीप वाजता कामा नये.

त्यानंतर फ्लाइट कंट्रोलर, म्हणजे जायरो बसवलेला मुख्य बोर्ड. त्याच्या चार भोकांत रबराच्या गोट्या असतात, त्या जायरोला फ्रेमच्या थरथरीपासून दूर ठेवतात. नट इतका आवळला की रबर चपटं झालं, तर ते रबर असून नसल्यासारखं. बोर्ड बोटाने दाबला तर किंचित हलला पाहिजे. आणि कुठलीही ताठ वायर, विशेषतः बॅटरीची जाड वायर, बोर्डाला टेकून ताणलेली नको. ती वायर थरथर थेट जायरोपर्यंत नेते.

हे झाल्यावर नवे प्रॉप लाव. पडलेला ड्रोन उचलून प्रॉप हाताने सरळ करायचा आणि पुन्हा उडवायचा, ही मुलांची सवय मी रोज बघते. सरावाला चालतं. पण सुधारणा मोजायची असेल तेव्हा कोरे प्रॉपच हवेत, नाहीतर प्रॉपचा दोष सेटिंगच्या माथी जातो.

शेवटी आरपीएम फिल्टर. मोटर मिनिटाला 18,000 फेरे घेत असेल, तर तिची थरथर सेकंदाला 300 वेळा, म्हणजे 300 हर्ट्झला येते. बायडायरेक्शनल डीशॉट ही दुतर्फा संदेशांची सोय चालू केली की ईएससी प्रत्येक मोटरचे फेरे कंट्रोलरला कळवत राहतो, आणि कंट्रोलर नेमकी तीच फ्रिक्वेन्सी जायरोच्या मापातून कापतो. ईएससीवर बीएलहेली-एस हे फर्मवेअर असेल तर त्यावर ब्लूजे हे मोफत फर्मवेअर टाकावं लागेल. एएम32 असेल तर सोय आधीपासून आहे. मोटरच्या चुंबकांची संख्या विचारतात, तिथे तुझ्या मोटरीला 14 येईल. पण घंटीत डोकावून मोजूनच भर. हा आकडा चुकला तर फेऱ्यांचा हिशोब चुकतो आणि फिल्टर भलतीकडेच कापत बसतो.

मग 4एसवर अर्धा मिनिट नुसता तरंगत ठेव. उतरव, चारही मोटरींना बोट लाव. कोमट असतील तर एक मिनिट जोरात उडव, पुन्हा बोट लाव. चारांतली एकच गरम असेल तर दोष त्या कोपऱ्यात, मोटर किंवा प्रॉप. चारही सारख्या गरम असतील तर डी जास्त आहे. कंट्रोलरवर ब्लॅकबॉक्सची सोय असेल तर नोंद करून संगणकावर आलेख बघ. मला तो आलेख पाठवलास तर पुढच्या अंकात त्यावर लिहीन.

प्रश्न: माझ्या मुलाचा ड्रोन हवेत अचानक बंद पडून कोसळला. बघितलं तर बॅटरीच्या जाड वायरीचा टाका बोर्डावरून सुटलेला. आम्ही दोघांनी तो तीनदा लावला, तीनदा सुटला. सोल्डरिंग गन 25 वॉटची आहे.
— बिबवेवाडीतून एक वडील

उत्तर: हात चांगले असतील, गन लहान पडते आहे. बॅटरीचे पॅड बोर्डातल्या तांब्याच्या रुंद थराला जोडलेले असतात आणि तुमची वायर 12 किंवा 14 गेजची. दोन्ही मिळून उष्णता शोषून घेतात. वरून सोल्डर वितळलेलं दिसतं, पण खाली पॅड गारच राहतो. असा टाका मळकट, दाणेदार आणि गोळ्यासारखा दिसतो. चांगला टाका चकचकीत असतो, आणि त्याची कड पॅडवर पसरत पातळ होत जाते.

60 वॉटची किंवा त्याहून मोठी, तापमान ठरवता येणारी गन घ्या. टोक सुईसारखं नको, चपटं हवं. 63/37 चं (कथिल-शिशाचं) सोल्डर 183 अंशांना वितळतं, पण या पॅडसाठी गन 380 च्या आसपास ठेवा. तपकीर गल्लीत गन, सोल्डर, फ्लक्स सगळं एका फेरीत मिळेल. सोल्डर मात्र नाव असलेलंच घ्या. स्वस्तातलं रीळ घेऊन या कामात पैसे वाचत नाहीत.

पॅडला फ्लक्स लावून आधी पॅडवर सोल्डर चढवा. वायरीचं टोक वेगळं भिजवा, आतपर्यंत शिरू द्या. मग दोन्ही एकत्र धरून गन टेकवा, आणि दोन्हीकडचं सोल्डर एकजीव झालं की गन काढून वायर अजिबात न हलवता थांबा. फुंकर मारू नका. बॅटरीचा एक्सटी60 कनेक्टर लावताना त्यात दुसऱ्या बाजूचा जोडीदार घालून ठेवा, म्हणजे प्लॅस्टिक मऊ झालं तरी पिना सरकत नाहीत. कपॅसिटरची पांढरी पट्टी ज्या बाजूला, तो पाय वजा.

बॅटरी लावण्याआधी मल्टिमीटर बीपवर ठेवून कनेक्टरच्या अधिक-वजावर टेकवा. कपॅसिटरमुळे क्षणभर बीप होऊन थांबेल, ते बरोबर. बीप चालूच राहिली तर शॉर्ट आहे. तरीही पहिल्यांदा बॅटरी थेट लावू नका. गाडीच्या इंडिकेटरचा 21 वॉटचा दिवा मध्ये मालिकेत जोडा. शॉर्ट असेल तर दिवा लख्ख पेटेल आणि बोर्ड वाचेल. सगळं ठीक असेल तर तो क्षणभर चमकून विझेल किंवा मंद राहील. मोटरी मात्र या दिव्यातून फिरवायच्या नाहीत.

प्रश्न: मुलगा नववीत आहे. वाढदिवसाला रेसिंग ड्रोनचं किट हवंय, तेही परदेशी साइटवरून, कारण तिथे स्वस्त दिसतं. मला त्या बॅटरीची भीती वाटते. देऊ का?
— एक आई, कोथरूड

उत्तर: द्या. पण परदेशातून नको. 9 फेब्रुवारी 2022 च्या अधिसूचनेने तयार ड्रोन आणि सुट्या भागांच्या संचाच्या रूपातला ड्रोन, दोन्हींची आयात बंद आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षेच्या कामाला तेवढी सवलत आहे. मोटर, बोर्ड, फ्रेम असे सुटे भाग आणायला बंदी नाही. भारतातल्या विक्रेत्यांकडून पावतीसह घ्या, भाग मोडला तर दुसरा लगेच मिळतो. आणि तो मोडणारच आहे.

तुमच्या जागी मी असते तर आधी चांगला ट्रान्समीटर घेतला असता. तो यूएसबीने संगणकाला जोडून सिम्युलेटरवर उडवता येतो. सुरुवातीची सगळी आपटाआपटी तिथे फुकटात होते, आणि हाच ट्रान्समीटर पुढे वर्षानुवर्षं चालतो. त्यानंतर एका सेलचा, तळहाताएवढा, प्रॉपभोवती कडी असलेला ड्रोन घ्या. तो दिवाणखान्यात उडतो. पाच इंची त्याच्या नंतर. त्याचे प्रॉप बोटाला खोल कापतात. म्हणून घरात बॅटरी लावायची तेव्हा प्रॉप काढलेलेच असले पाहिजेत, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळायला लावा.

तुमची भीती योग्य आहे आणि मुलालाही ती थोडी असावी. लिपो, म्हणजे लिथियम-पॉलिमर बॅटरीचा सेल 4.2 व्होल्टला भरतो. उडवताना भाराखाली 3.5 च्या आसपास आला की उतरवायचं. दोन-चार दिवस वापरायची नसेल तर 3.8 वर आणून ठेवायची, चार्जरमध्ये त्यासाठी स्टोरेजची सोय असते. 1300 मिलिअँपिअर-अवरची बॅटरी 1.3 अँपिअरने, सगळे सेल सारखे भरणारी बॅलन्सची बारीक वायर लावूनच भरायची. फरशीवर भरा. पलंगावर, कपाटात किंवा सोफ्याच्या हातावर नको. भरताना माणूस जागा आणि त्याच खोलीत हवा. उडवून आणलेली गरम बॅटरी गार होईपर्यंत चार्जरला लावायची नाही, आणि एप्रिल-मेच्या उन्हात ती बंद गाडीत विसरायची नाही. जवळ वाळूची बादली ठेवा. फुगलेली किंवा आपटून दबलेली बॅटरी 'अजून चालतेय' म्हणून ठेवू देऊ नका. घरच्या कचऱ्यातही टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. आणि या सगळ्याची वही मुलालाच ठेवायला सांगा. बॅटरीवर क्रमांक, प्रत्येक सेलचं व्होल्टेज, तारीख. जो मुलगा ती वही नीट ठेवतो, त्याच्या हातात मोठा ड्रोन द्यायला हरकत नाही.

प्रश्न: सकाळी वेताळ टेकडीवर उडवला तर चालेल का? गर्दी नसते.
— एक वाचक, औंध

उत्तर: नाही. टेकडीच्या पाषाणकडच्या अंगाला संरक्षण संशोधनाच्या प्रयोगशाळा आहेत, आणि सकाळी तिथे फिरायला येणारी माणसं असतातच. पुण्यात लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा, खडकवासल्याला एनडीए, खडकीला दारूगोळ्याचा कारखाना, शिवाय लष्कराचे भाग. शहराचा बराच तुकडा असा अडतो. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळाचा नकाशा उघडून आपली जागा बघा. लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही, ड्रोन 250 ग्रॅमच्या आतला असला तरी. हिरव्या भागात 400 फुटांपर्यंत मुभा आहे, विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 200 फुटांपर्यंत. पाच इंची ड्रोन बॅटरीसकट 250 ग्रॅमच्या पुढेच जातो, म्हणजे तो मायक्रो वर्गात. हौसेसाठी उडवायला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, बाकीचे नियम लागतातच. सणासुदीला पोलिसांचे मनाई आदेश निघतात, तेही बघत जा.

ओळखीच्या शेतमालकाची परवानगी घ्या, शहराबाहेर जा. ड्रोनच्या कॅमेऱ्याचं चित्र दाखवणारे गॉगल्स घातलेल्या माणसाला आजूबाजूचं काही दिसत नाही, म्हणून शेजारी उघड्या डोळ्यांनी आकाश बघणारा एक जण हवाच. घार घिरट्या घालत जवळ आली की उतरवा, तिची चूक नाही. आणि निघण्याआधी घरी, प्रॉप काढून, मोटरी चालू करा आणि ट्रान्समीटर बंद करा. मोटरी लगेच थांबल्या पाहिजेत. थांबल्या नाहीत तर त्या दिवशी जाऊ नका.

प्रश्न: मी टूलरूममधून निवृत्त झालोय. नातीबरोबर किट जोडतोय. कार्बनच्या फ्रेमच्या कडा फार धारदार आहेत, त्या घासू का? आणि वजन कमी करायला आणखी काय करता येईल?
— चिंचवडचे एक आजोबा

उत्तर: काका, जरूर घासा, पण पाण्यात बुडवून, बारीक पॉलिश पेपरने. कार्बनची कोरडी धूळ श्वासात जाऊ नये, म्हणून दोघांनीही मास्क लावा. नंतर नीट धुऊन वाळवा, कारण कार्बनमधून वीज वाहते आणि ती भुकटी बोर्डावर बसली तर शॉर्ट होऊ शकतो. बॅटरीची वायर जिथे कडेवरून वळते, तिथली कड आधी घासा. वायरीचं आवरण तिथेच कापलं जातं. रिसीव्हरची अँटेना कार्बनपासून दूर, बाहेर काढून बांधा, प्लेटच्या आडोशाला तिला सिग्नल नीट मिळत नाही. व्हिडिओ ट्रान्समीटरला मात्र अँटेना लावल्याशिवाय वीज देऊ नका, तो जळतो.

वजनासाठी भोकं पाडू नका, फ्रेम कमजोर होते आणि जास्त थरथरते. लांब सोडलेल्या वायरी मापात कापा, जास्तीचे स्क्रू आणि टाय काढा. उरलेला फायदा बॅटरी बरोबर मध्यावर बसवण्यात आहे. वरच्या प्लेटखाली दोन बाजूंना दोन बोटं देऊन ड्रोन उचला. पुढे किंवा मागे कलला, तर बॅटरी तेवढी सरकवा आणि पट्ट्याची जागा खुणेने नक्की करा. ड्रोन एका बाजूला जड असेल तर त्या बाजूच्या मोटरींना सतत जास्त काम पडतं.

मोटरींची दिशा आणि क्रमांक नातीला बेटाफ्लाइटच्या पडद्यावर बघून तपासू द्या, प्रॉप न लावता. मोटरच्या घंटीला कागदाचं टोक हलकेच लावलं की ती कुठे फिरते ते कळतं. क्रमांक एक मागची उजवी, दोन पुढची उजवी, तीन मागची डावी, चार पुढची डावी. चारही बरोबर आल्या की मगच प्रॉप लावा, तेही मैदानात.